मला धरून त्रेचाळीस

तात्या झोपले की त्यांचा उजवा हात उशीखाली जातो. घरी असोत की पाहुण्यांकडे, त्यात फरक नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दवाखान्यात पडले होते, तेव्हा नर्स हात सरळ करून जायची आणि पाच मिनिटांत तो पुन्हा उशीखाली असायचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील असे झोपतात. त्या हाताखाली एक चामड्याची पिशवी असते, हे मला आठव्या वर्षी कळलं. मुक्कामाच्या गाडीत सीटवर आडवं व्हायचं, दिवसभराची रोकड उशाला घ्यायची आणि वर हात ठेवायचा. चौतीस वर्षं हेच. पिशवी २००५ साली डेपोत जमा झाली. हात अजून तिथंच आहे.

तात्या एस.टी.त कंडक्टर होते. डेपो पाटण, जिल्हा सातारा. १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला पहिली एस.टी. सुटली आणि तात्यांचा जन्म १९४७ चा. त्यामुळे आमची आजी म्हणायची, "एस.टी. अन् हा एकाच पाळण्यातले." स्टँडच्या मागच्या आळीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पहाटे थंडीत गाड्या सुरू व्हायला कुरकुरायच्या, तेव्हा आईला जाग यायची आणि चूल पेटायची. कुठली गाडी लागली, कुठली अजून यायची आहे, हे ती आवाजावरून सांगायची. तात्यांची गाडी आली की ती काहीच बोलत नसे. फक्त तवा चुलीवर चढायचा.

त्यांची ड्युटी बहुतेक मुक्कामाची असायची. संध्याकाळी शेवटची गाडी घेऊन एखाद्या खेड्यात जायचं, रात्री तिथंच राहायचं आणि पहाटे तीच गाडी घेऊन तालुक्याला यायचं. खेड्यातल्या माणसाला दवाखाना, कोर्ट, बाजार, शाळा, सगळं त्या पहाटेच्या गाडीनं गाठायचं असतं. म्हणून गाडीनं रात्री गावात असणं भाग होतं, आणि म्हणून तात्यांनी रात्री घरी नसणं.

दिवसा घरी आले तरी ते फार बोलत नसत. पाय धुवायचे, टोपी खुंटीला अडकवायची, जेवायला बसायचं. "पाणी." "वाढ." "दार लोट." आम्ही तिघं भावंडं, थोरला दादा, मधली मी आणि धाकटा बाळू. ते झोपले की घरभर चवड्यांवर चालायचं, हे आम्हाला शिकवावं लागलं नाही. दादाचा एकदा पेला पडला, तर त्यानं पेल्याचा घरंगळणारा आवाज थांबावा म्हणून त्यावर स्वतःला झोकून दिलं होतं. तात्यांनी आम्हाला कधी मारलं नाही, हे मुद्दाम सांगते, कारण आळीत मार न खाल्लेली पोरं विरळाच. पण आम्हाला त्यांच्या आवाजाची सवयच नव्हती. ते काही बोलले की आम्ही दचकून बघायचो.

ते घरी आणायचे ती एकच गोष्ट, आणि तीही नकळत. तिकीट फाडलं की त्याला पंचनं भोक पाडायचं. त्या भोकातून निघालेले कागदाचे गोल त्यांच्या शर्टाच्या खिशात, विजारीच्या दुमडीत, कधी कानामागं अडकलेले असायचे. तिकिटं किमतीप्रमाणे वेगवेगळ्या रंगांची, म्हणून हे गोलही गुलाबी, पिवळे, हिरवे, निळसर. आई शर्ट झटकायची तेव्हा ते अंगणात उडायचे. मी ते वेचून काडेपेटीत ठेवायची आणि माझ्या चिंधीच्या बाहुलीला रोज एक टिकली लावायची. तात्या कुठल्या रस्त्यानं जाऊन आले, हे मला टिकलीच्या रंगावरून कळतं, असं मी मैत्रिणींना ठासून सांगायची. गुलाबी म्हणजे जवळचं गाव, निळी म्हणजे लांबचा पल्ला. खरं काय ते मला माहीत नव्हतं. ते कुठं जातात हे मला माहीत असायला हवं, एवढंच मला कळत होतं.

कोयनेच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला जमीन हलण्याचं नवल नसतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा मोठा भूकंप माझ्या जन्माआधीचा. पण आमच्या घरात काळ मोजायचा तो त्यावरूनच. हे जातं भूकंपाआधीचं, ती भिंत भूकंपानंतरची. आमच्या वाट्याला आले ते बारके धक्के. मांडणीतली भांडी किणकिणायची, कौलं सरकल्यासारखी वाजायची, आणि आई हातातलं काम न सोडता म्हणायची, "थांबंल आत्ता."

मी दुसरीत असताना एका रात्रीचा धक्का मात्र लवकर थांबला नाही. आईनं आम्हाला ओढत अंगणात काढलं. सगळी आळी बाहेर. कुणी कंदील घेऊन, कुणी पोर काखेला मारून. शेजारच्या घरातले बाप आपापल्या पोरांना जवळ घेऊन उभे होते आणि मी मोजत होते, कुणाकुणाकडे बाप आहे. तात्या त्या रात्री मुक्कामाला होते. दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी, मग आणखी एक फेरी, असं करत ते दुपारी आले. मला वाटत होतं, धावत येतील, उचलून घेतील. ते दारात उभे राहिले. आमच्याकडे बघितलं. ओठ जरासे हलले. मग टोपी काढली, पाणी मागितलं, जेवले आणि झोपले. उशीखाली हात घालून. मी तिकिटाच्या टिकल्यांची काडेपेटी मोरीत रिकामी केली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं.

१९८३ चा मे महिना. तिसरीची परीक्षा झाली होती आणि मला आजोळी पाठवायचं होतं. आजोळ मोरगिरीच्या बाजूला, मोरणा नदीच्या खोऱ्यात. तात्यांची मोरगिरी मुक्काम लागली होती. आई म्हणाली, "न्या की हिला. सकाळी मामा येऊन घेऊन जाईल." तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बसशील का गप?" बसेन म्हटलं. गप बसण्याचा सराव होताच.

गाडी स्टँडला लागली आणि मी कंडक्टरच्या सीटशेजारी बसले. तोवर मी तात्यांना कामावर कधी पाहिलेलं नव्हतं. डाव्या हातात तिकिटांचा ट्रे, उजव्यात पंच, खांद्याला पिशवी. पंच नुसता हवेत टिकटिक वाजवत ते गर्दीत शिरले आणि गर्दीनं त्यांना वाट दिली. "चला, तिकीट, तिकीट! पुढं सरका. बाबा, तुमचं बोचकं सीटखाली घ्या, त्याला तिकीट न्हाई." माझे तात्या एवढ्या मोठ्यानं बोलतात? मी दोन्ही हातांनी सीटचा दांडा धरून बसले होते.

पहिलं तिकीट त्यांनी माझंच फाडलं. अर्धं. स्वतःच्या खिशातून पैसे काढून पिशवीत टाकले आणि तिकीट माझ्या हातात दिलं. "हरवू नको. चेकिंग आलं तर दाखवायचं."

मग ते मागच्या सीटवरच्या एका बाईपाशी आले. बाईबरोबर पोरगा होता. तिनं एकच तिकीट मागितलं. "ह्याला अजून साळंत घातला न्हाई." तात्या पोराकडे वाकले. "व्हय रं, कितवीत हायेस?" पोरगं छाती फुगवून म्हणालं, "चवथीत! पास झालो." सगळी गाडी हसली. ती बाईही पदर तोंडाला लावून हसली आणि कनवटीचे पैसे काढू लागली. आणि तात्या हसले. मान मागं टाकून, डोळे मिटून, आवाज करून हसले. तेव्हा मला दिसलं की त्यांचा डावीकडचा, वरचा एक दात नाही. तात्यांना एक दात नाही, हे मला आठव्या वर्षी, एका परक्या बाईच्या पोरामुळे समजलं. तोवर त्यांचं तोंड एवढं उघडलेलं मी पाहिलंच नव्हतं.

पुढच्या सगळ्या वाटेवर मी तेच बघत बसले. कुणाच्या म्हशीची चौकशी, कुणाच्या लेकीच्या बाळंतपणाची. एका म्हातारीनं तात्यांच्या हातात चार करवंदं ठेवली, ती त्यांनी तिच्यासमोर तोंडात टाकली. पाटणला शिकायला राहिलेल्या पोरांचे रिकामे डबे फडक्यात बांधून पुढं ठेवलेले होते. शाळा सुरू असली की गावोगावच्या आया पहाटे फाट्यावर डबा घेऊन उभ्या असत, तो तात्यांनी घ्यायचा, स्टँडवर पोरांना द्यायचा आणि संध्याकाळी रिकामा परत आणायचा. परीक्षा झाल्यावर राहून गेलेले हे शेवटचे डबे होते. कुठला डबा कुणाच्या घरचा हे तात्यांना झाकणावरून कळत होतं. गाडी थांबली की खिडकीतून नाव घेऊन डबा बाहेर. साताठ वर्षांच्या पोरीला त्या वेळी काय वाटलं असेल? मला राग आला. ह्या सगळ्यांना ते ओळखतात. ह्या सगळ्यांशी बोलतात. आमच्या घरी येताना ते हे सगळं कुठं ठेवून येतात?

त्या गाडीत एक कुटुंब होतं, त्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय आमच्या तालुक्यातले बाप कळायचे नाहीत.

पाटण तालुका म्हणजे मुंबईला माणसं पुरवणारा तालुका. कुणी गिरणीत, कुणी माथाडीत. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील याच मातीतले. माझ्या वर्गात निम्म्या पोरांचे वडील मुंबईला होते आणि ते वर्षातून एक-दोनदा दिसत, यात्रेला, नाहीतर गणपतीत. पोरं पंधरा दिवस आधीपासून सांगत सुटायची, "माझा बा येनार हाय." त्यांच्यापुढं माझे तात्या एक दिवसाआड दिसत होते, म्हणजे मी श्रीमंतच. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं काम सोडून बाहेर पडली. संप लांबत गेला तसे आमच्या वर्गातल्या पोरांचे वडील गावी येऊ लागले. आधी पोरं हरखली. माझ्या शेजारी बसणारी मुलगी तर रोज वडिलांचं काहीतरी सांगायची. मग दोन महिन्यांत तिचं सांगणं बंद झालं. एकदा तिच्या घरी गेले, तर तिचे वडील ओट्यावर बसले होते. आम्ही सागरगोटे खेळलो, भांडलो, पुन्हा खेळलो, आणि ते तसेच, त्याच जागी, हात गुडघ्यांवर टाकून बसलेले. ज्या बापाची वर्षभर वाट बघायची तो समोर बसलाय आणि तरी आलेला नाही. त्या मुलीच्या वाट्याला हे फार लवकर आलं.

तर त्या दिवशी गाडीत असंच एक जोडपं होतं. पत्र्याची ट्रंक, वळकटी, एक मुलगी माझ्याएवढी. मुंबईच्या गाडीनं पाटणला उतरून ते पुढं निघाले होते. तात्या तिकिटाला आले तेव्हा तो माणूस खिसे चाचपू लागला. बायकोनं पदराची गाठ सोडली, त्यात थोडी चिल्लर निघाली. पुरत नव्हती. तो खालच्या आवाजात म्हणाला, "आमाला आलीकडंच उतरवा."

ज्यांनी जुन्या एस.टी.तून प्रवास केलाय त्यांना तिकिटाची मागची बाजू आठवत असेल. सुट्टे नसले की कंडक्टर तिथं आकडा लिहून द्यायचा, उतरताना तेवढे पैसे मागून घ्यायचे. ते कंडक्टरनं माणसाला द्यायचं देणं. तात्यांनी दोन पूर्ण आणि एक अर्धं तिकीट फाडलं, पंच केलं, पाठीमागं कानावरच्या पेन्सिलीनं आकडा लिहिला आणि म्हणाले, "हे तुमच्याकडं राहिले. गाडी रोजची हाय. सवडीनं द्या." आणि आवाज चढवून पुढच्याला, "तिकीट बोला, तिकीट!" जणू त्या माणसाकडे सुट्टे नव्हते, एवढंच. त्या माणसानं ती तिकिटं घडी करून टोपीच्या दुमडीत ठेवली.

वाटेतल्या एका थांब्यावर तात्या गाडीच्या पुढं जाऊन उभे राहिले. हातातला ट्रे पोटाशी धरला आणि पंचाच्या टोकानं एकेक सीट दाखवत पुटपुटू लागले. ओठ हलत होते. मुंडकी मोजायची, फाडलेल्या तिकिटांशी ताळा करायचा, मग वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशोबाच्या कागदावर, आकडा लिहायचा. पंचाचं टोक माझ्यापाशी आलं, थांबलं. "मला धरून किती?" मी विचारलं. दिवसभरात मी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. तात्या म्हणाले, "तुला धरून त्रेचाळीस." मग वर हात घालून दोरी ओढली. टिंग टिंग. डबल बेल. गाडी हलली.

ते हलणारे ओठ मी आधी पाहिले होते. कुठं, ते लगेच आठवलं नाही.

रात्र देवळासमोर. गावातून कुणीतरी भाकरी, पिठलं आणि फोडलेला कांदा आणून दिला. ड्रायव्हरकाका देवळाच्या पायरीवर पाठ टेकून बसले आणि तात्या कंदिलाच्या उजेडात हिशोबाला बसले. सीटवर टॉवेल अंथरला, त्यावर पिशवी रिकामी केली. दहा पैशांची कंगोऱ्याची, वीस पैशांची षटकोनी, पाचाची चौकोनी, सगळी ॲल्युमिनियमची, हलकी. "दहादहाची चळत लाव," ते म्हणाले. मी लावली. त्यांनी आपल्या चळतीशेजारी माझी सरकवली आणि बोट वरून फिरवलं. माझी एका नाण्यानं उंच होती. "मोजायची गरज न्हाई. बोटाला कळतं." मग माझं बोट धरून त्या चळतींवरून फिरवलं. कळलं. त्यांच्या बोटांना धातूचा वास येत होता, आंबटसर, आणि त्यात पिठल्याचा.

शेवटी त्यांनी शर्टाच्या खिशातून काही नाणी काढली आणि पिशवीतल्या पैशांत मिसळली. ड्युटीवर जाताना खिशातले स्वतःचे पैसेही लिहून द्यावे लागत, त्यामुळे ती नाणी किती होती हे त्यांना नीट ठाऊक होतं. मलाही कळलं ती कुणाची. ते पैसे परत आले का, मी कधी विचारलं नाही. त्यांनीही कधी त्या माणसाचं नाव काढलं नाही.

मी सीटवर आडवी झाले. डोळे मिटले होते, झोप नव्हती. तात्या उठले, गाडीच्या पुढच्या टोकापासून मागपर्यंत वाकून एकेक सीटखाली बघत आले. कुणाचं काही राहिलंय का, हे बघणं शेवटच्या थांब्याचं काम. छत्री, चप्पल, कधी बाजाराची पिशवी. माझ्यापाशी येऊन थांबले. फार हळू आवाजात म्हणाले, "एक."

मग मला आठवलं. भूकंपानंतरच्या त्या दुपारी दारात उभं राहून त्यांनी आम्हाला मोजलं होतं.

आजोळहून परत आले तेव्हापासून मी रात्री जागी राहून खात्री करून घेतली. ते घरी असले की दिवा मालवण्याआधी आमच्या अंथरुणांपाशी यायचे. दादा, मी, बाळू. तीनच डोकी. एवढी डोकी मोजायला थांबावं लागत नाही, एका नजरेत दिसतात. तरी ते प्रत्येकापाशी थांबायचे. एक. दोन. तीन. मी दोन. आठवड्यातून तीन-चार रात्री मी डोळे मिटून तो दोनचा आकडा ऐकलेला आहे आणि हे घरात कुणालाही सांगितलेलं नाही. दादाला परवा फोनवर पहिल्यांदा विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मला वाटलं होतं फक्त मलाच माहितीये."

मी पुण्यात एका बँकेच्या शाखेत काउंटरवर बसते. नोटा मोजायला यंत्र आहे, तरी बंडल हातात घेतलं की अंगठा फिरतो आणि एक कमी असेल तर बोटाला कळतं. संध्याकाळी कॅश टॅली झाल्याशिवाय मला श्वास सोडता येत नाही. एकदा दोनशे रुपये जास्त भरले, तर ज्या आजींना मी ते कमी दिले होते त्यांच्या घरी रात्री साडेआठला जाऊन दिले. हे गुण म्हणून सांगत नाही. तो माझ्यात आपोआप आलेला, मला न विचारता आलेला भाग आहे.

दुसराही भाग आला. गेल्या काही वर्षांतली गोष्ट. मुलाची घराची किल्ली हरवली आणि तो शाळेतून थेट माझ्या शाखेत आला. तासभर बाकावर बसून होता. रात्री मी मेथी निवडत होते, तो समोर येऊन बसला. म्हणाला, "आई, ते आजोबा आले होते ना पासबुकवाले, त्यांच्याशी तू किती हसत होतीस."

"मग?"

"काही नाही. घरी तू तशी नसतेस."

मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली. तो रागावून बोलला नव्हता. त्यानं बघितलं ते सांगितलं. मला तो सीटचा दांडा आठवला, दोन्ही हातांनी धरलेला.

त्यानंतर मी ह्याचा पुष्कळ विचार केला. माणसाचं बोलणं, हसणं, समजून घेणं रोज काही ठरावीक मापाचं असतं का? मला वाटतं, असतं. दिवसभरात शंभर माणसं समोर येतात, त्यातल्या प्रत्येकाची घाई निराळी, भीती निराळी. पैशाला हात लावायचा म्हणजे माणसाच्या दुखऱ्या जागेला हात लावायचा. कंडक्टरला तर ते हलत्या गाडीत, उभ्यानं, सुट्ट्या पैशांवरून रोज शिव्या खात करायचं होतं. गोड बोलणं हा त्या कामाचा भागच होता, आणि तात्या ते मनापासून करत होते. खोटं हसणाऱ्या माणसाला म्हातारी करवंदं देत नाही. मग घरी यायचं ते रिकाम्या डब्यासारखं. हे मला आता कळतं. पण कळलं म्हणून त्या आठ वर्षांच्या पोरीचा राग चुकीचा होता, असं मी म्हणणार नाही. तात्यांनी थोडं उरवून आणायला हवं होतं. मीही आणायला हवं. हल्ली बँकेतून निघाले की मी एक स्टॉप आधी उतरते आणि चालत घरी येते. त्या पंधरा मिनिटांत कुणाशी बोलत नाही, फोन उचलत नाही. दार उघडलं की पहिलं वाक्य मुलाशी. सगळ्याच दिवशी जमतं असं नाही.

२०२३ च्या दिवाळीत आम्ही पाटणला गेलो होतो. भाऊबीजेला आईला तिच्या भावाकडे जायचं होतं. गाडी करू म्हटलं, तर तात्या म्हणाले, "एस.टी. हाय की." स्टँडवर गेलो. तात्या, आई, मी आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून एस.टी. फुकट झाली आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. म्हणजे आमच्यात तीन अर्धी आणि एक शून्य. कंडक्टर एक पोरगी होती, पंचविशीची, खाकी ड्रेस, केसांचा घट्ट अंबाडा, हातात तिकिटाचं मशीन. तिनं तात्यांचं आधार कार्ड बघितलं आणि शून्य रकमेचं तिकीट काढून त्यांच्या हातात दिलं. तात्यांनी ते उलटून मागची बाजू बघितली. कोरी होती.

गाडी खोऱ्यात शिरली. लांब डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या फिरत होत्या, त्या माझ्या लहानपणी नव्हत्या. पुढच्या सीटवरचा पन्नाशीचा एक गृहस्थ मघापासून मागं वळून बघत होता. शेवटी म्हणाला, "कंडाक्टर न्हवं तुम्ही? माझा डबा आणायचा तुम्ही. हायस्कूलला होतो तवा." तात्यांनी डोळे बारीक करून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "झाकणाला तार बांधलेला?" तो माणूस क्षणभर बघतच राहिला. मग त्यानं वाकून तात्यांचे पाय धरले, चालत्या गाडीत, तोल सावरत.

शेवटच्या थांब्याआधी ती पोरगी पुढं जाऊन उभी राहिली आणि बोटानं मुंडकी मोजू लागली. माझ्या शेजारी तात्यांचे ओठ हलायला लागले. तिचं मोजून झालं तसं तात्या म्हणाले, "बाय, एकतीस का?"

ती हसली. "बत्तीस, काका."

"एकतीस." तात्या ठाम होते. त्यांनी पुन्हा मोजलं. "एकतीसच."

पोरगी मशीन बघत होती. मग तिनं मान वर केली. "काका, तुम्ही स्वतःला धरलं न्हाई."

तात्या एकदम गप्प झाले. आणि मग हसले. मान मागं टाकून, डोळे मिटून, आवाज करून. आता दातच कमी राहिलेत, त्यामुळे तो एक दात कुठला ते ओळखू येत नाही. माझा मुलगा आजोबांकडे तोंड उघडं टाकून बघत होता. आई खिडकीबाहेर बघत पदरानं डोळे टिपत होती, का ते मी विचारलं नाही.

त्या रात्री मामाच्या घरी माजघरात सगळ्यांची अंथरुणं एका ओळीत पडली होती. दादा आणि त्याची दोन मुलं संध्याकाळी येऊन पोचली होती. बाळूही होता. दिवा मालवला. बऱ्याच वेळानं काठीचा आवाज आला. तात्या उठले होते. मी डोळे मिटून घेतले. काठी एकेका अंथरुणापाशी थांबत होती. दादा. त्याची मुलं. बाळू. मग माझ्यापाशी. आकडा ऐकू आला, पाच. माझा मुलगा, सहा. आईपाशी जरा जास्त वेळ थांबले. सात.

काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज. खाट करकरली. उशी सरकली. मग अंधारात, ऐकू येईल न येईल एवढ्या आवाजात, "आठ."